रकाना दहावा

फेब्रुवारीचे वीस दिवस शाळेला सुट्टी नाही,
मलाच आहे शाळेपासून.
गळ्यात ओळखपत्र, काखेत कापडी बॅग,
आणि जुन्या इंदूरचा एक तुकडा माझ्या नावे:
खान नदीच्या कडेपासून पिठाच्या गिरणीपर्यंत
एकशे एकोणचाळीस दारं.
दारांवर गेरूचे आकडे मेमध्येच घातले होते,
दिवाळीच्या रंगात निम्मे गेले.

नाव. वय. जन्म कुठला.
मग दहावा रकाना, मातृभाषा.
इथे माणसं जरा थांबतात,
जशी चप्पल कुठे काढली ते आठवताना.

होतचंदकाका म्हणाले, सिंधी. ठळक लिहा.
सुनेला पाणी मागितलं हिंदीत.
नातू म्हणाला, दादा, सिंधी लिखते कैसे हैं?
काकांनी हवेत बोटानं
उजवीकडून डावीकडे काहीतरी काढलं
आणि तळहातानं पुसलं.

वरच्या मजल्यावर सात बंगाली कारागीर,
सोन्याचा कीस चटईतसुद्धा.
कुटुंबप्रमुख कोण विचारलं तर आपसात बराच वेळ बोलले
आणि ज्याची शेगडी होती त्याचं नाव दिलं.

सकीना रंगवाला म्हणाल्या, गुजरातीच,
पण आमच्या गुजरातीत अरबी मीठ जास्त.
मी गुजराती लिहिलं.
मीठ बशीत राहिलं, नानखटाईशेजारी.

अर्धवट इमारतीत रेमली, अलीराजपूरकडची.
हिंदी लिख दो मास्साब, ठेकेदार म्हणाला,
सब हिंदी ही है.
मी रेमलीकडे पाहिलं, ती विटांकडे.
भिलाली, ती म्हणाली,
विटेलाच सांगितल्यासारखं.

गेंदाबाईंची मालवी वरती कुठेतरी
हिंदीच्या पोत्यात ओततील, मला ठाऊक आहे.
तरी मालवी लिहिलं,
शुद्धलेखन तपासून.

आणि आमची दारं?
मागच्या खेपेला हा तुकडा टेंबे मास्तरांकडे होता,
ते सांगत चव्वेचाळीस.
मला सतरा सापडली.
बाकीच्यांना कुलूप, किंवा नवी पाटी,
किंवा आतून कोणी सांगतं, वो लोग तो पूना चले गए.
पुण्याचा माझा मेहुणा माझ्या
'येऊन राहिलोय'ला अजून हसतो.
त्याच्या तक्त्यात मी बसतो की नाही
त्याला एकदा विचारायचं आहे.

एकशे बाविसाव्या दारी
बाप निमाडी, आई बुऱ्हाणपूरची, मराठी.
मुलगा नऊ वर्षांचा, भुरू,
जन्मापासून ऐकू येत नाही.
इसका क्या लिखोगे, बाप म्हणाला, ये तो बोलता ही नहीं.

सूचनापुस्तिकेत आहे ते.
मूल मुकं-बहिरं असेल
तर आई बोलते ती भाषा लिहावी.

आईनं दोन बोटं हनुवटीला लावली.
भुरू उठला, माझ्यासाठी पाणी घेऊन आला.
तिनं मनगट जरासं फिरवलं.
तो परत गेला, गुळाचा खडा घेऊन आला.
एक शब्द झाला नाही खोलीत.
मी मात्र लिहिलं: मराठी.
नियमानं बरोबर होतं.
शाई ओली असताना मनात आलं,
चला, अठरा.
आणि कान तापले माझे.

निघताना भुरूनं आईला काही सांगितलं:
गळ्याशी एक चौकोन काढला,
तळहातावर पेन चालवल्यासारखं केलं,
मग दोन बोटं चालत चालत दाराबाहेर नेली.
काय म्हणतो?
ती हसली. तुमचं नाव ठेवलं त्यानं,
आणि म्हणतो, याला अजून खूप घरं आहेत.

सतरा होती अजून.
पुढच्या दारावरचा आकडा पुसलेला होता,
मी खडूनं पुन्हा घातला.